परदेशातल्या मंडळीशी भागीदारी: मिशन ट्रिपच्या आधी, तिथे असताना आणि परतल्यावर

मिशन ट्रिप, म्हणजे आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) गटाने परदेशातल्या मंडळीकडे काही दिवस जाणं, ठरवायला कमिटी बसली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कधी जायचं?’ हा असतो. मग ‘किती जण?’ आणि ‘माणशी खर्च किती?’ मी अशा चार फेऱ्यांच्या तयारीत होतो आणि पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही जवळजवळ सगळ्या चुका करून घेतल्या. आता मी बैठकीत आधी विचारतो, आपल्याला बोलावलंय कोणी? आणि लगेच दुसरं: त्यांना ‘यंदा येऊ नका’ म्हणायचं असेल, तर तसं म्हणायची मोकळीक त्यांना आहे का?

पैसा ज्यांच्या हातात, त्यांना नाही म्हणणं कठीण असतं. समोरची मंडळी हसून स्वागत करते, जेवायला वाढते, गाणी म्हणते, आणि आपण समजतो की सगळं छान चाललंय. ती मोकळीक कशी तयार करायची, हे मला कळलं तेवढं क्रमाने सांगतो.

बोलावणं कुठून येतं

भागीदार शोधताना आधी आपल्याच बाकांवर नजर टाका. कोणाचं तरी कुटुंब त्या देशातून आलेलं असतं, कोणी तिथल्या इस्पितळात नर्स म्हणून काम केलेलं असतं, एखादा विद्यार्थी रविवारी मागे बसून निघून जात असतो. त्यांच्या ओळखीतून जुळलेलं नातं बाहेरून शोधून आणलेल्या नात्यापेक्षा जास्त टिकतं, कारण दोन्हीकडची भाषा आणि दोन्हीकडचे रुसवेफुगवे समजणारा माणूस मधे असतो.

घरात कोणी नसेल तर आपल्या पंथाची रचना वापरा. अँग्लिकन मंडळ्यांमध्ये दोन देशांतल्या धर्मप्रांतांनी (एका बिशपच्या हाताखालच्या विभागांनी) एकमेकांना जोडून घेण्याची पद्धत १९६३ च्या टोरांटो परिषदेनंतर रुळली. लुथरन मंडळ्यांत टांझानियाचा इरिंगा धर्मप्रांत आणि अमेरिकेतल्या सेंट पॉल भागातल्या मंडळ्या यांचं नातं बरंच जुनं आहे. त्याचं नाव स्वाहिली आहे, ‘बेगा क्वा बेगा’, म्हणजे खांद्याला खांदा. अशा रचनेतून गेलं की तुमचा संबंध एका माणसाशी न राहता संस्थेशी जोडला जातो. पाळक (पास्टर) बदलले, वारले किंवा भांडून निघून गेले, तरी नातं उघड्यावर पडत नाही.

इंटरनेटवरून आलेल्या अनोळखी ‘पास्टर’च्या मेलबद्दल थोडक्यात सांगतो. फोटो, अनाथ मुलांची यादी आणि बँकेचा खातेक्रमांक एकाच पत्रात आला तर थांबा. त्यांचे वरिष्ठ कोण, संस्थेची नोंदणी कुठली, त्याच गावातल्या दुसऱ्या पंथाच्या पाळकांना ते माहीत आहेत का, हे विचारा. खऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

हे सगळं इतकं ताणून का धरायचं, तर मागचा इतिहास तसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रूफस अँडरसन या मिशन-चिटणीसांनी सांगून ठेवलं होतं की परदेशातली मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, स्वतःच्या पैशावर उभी राहणारी आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी झाली पाहिजे, म्हणजे मिशनरी तिथून निघू शकेल. प्रत्यक्षात निघायचं कोणाच्या मनात येईना. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिण भारतातले व्ही. एस. अजरय्या उभे राहिले. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मान्य केला, आणि शेवटी मागणी केली ती ‘आम्हाला मित्र द्या’ अशी. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. १९७१ मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की काही वर्षं मिशनरीही पाठवू नका आणि पैसेही पाठवू नका, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहून बघू द्या. गाटूंचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. पण भागीदारीची बैठक सुरू करण्याआधी अजरय्या आणि गाटू यांची आठवण कमिटीला करून द्यावी, असं मला वाटतं. बैठकीचा सूर बदलतो.

पहिली भेट: रिकाम्या हातांनी

पहिल्या वर्षी गट नेऊ नका. दोन किंवा तीन माणसं जाऊ द्या, त्यांत निदान एक स्त्री असावी, कारण तिथल्या बायका पुरुषांपुढे बोलतील याची खात्री नसते. काम काहीच न्यायचं नाही. रंगाचे डबे नाहीत, औषधांच्या पेट्या नाहीत. आठ-दहा दिवस राहायचं, उपासनेला बसायचं, घरोघर जायचं आणि ऐकायचं.

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. तो विचारला की यादी येते, आणि पाहुण्याला काय द्यायला आवडेल याचा अंदाज घेऊन ती बनलेली असते. त्याऐवजी असं विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमच्या मंडळीने स्वतःच्या बळावर काय उभं केलं? ते कोणी केलं? कुठे अडलं? याआधी बाहेरचे पाहुणे आले होते का, आणि ते गेल्यावर काय उरलं? शेवटच्या प्रश्नावर लोक आधी गप्प होतात, मग हसतात, आणि मग खरं बोलायला लागतात.

इथे आमची पहिली मोठी चूक सांगतो. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला उपासनागृहाचं गळकं छप्पर दाखवलं. आमच्यातला एकजण सहज म्हणाला, “बघतो, काहीतरी करू.” आमच्या लेखी ते सौजन्याचं बोलणं होतं. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा भिंतींवर नुसत्या लाकडी कैच्या उभ्या होत्या. नवीन पत्रे येणार म्हणून त्यांनी जुने काढून, चळत करून मागच्या भिंतीला लावून ठेवले होते. अर्धं वर्ष त्यांनी झाडाखाली उपासना केली होती. कोणी आम्हाला एका शब्दाने बोललं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून नियम केला: पहिल्या भेटीत ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘देवाची इच्छा असेल तर’ यांतलं काहीही म्हणायचं नाही. म्हणायचं ते एवढंच, “आम्ही परत जाऊन कमिटीला सांगू आणि अमुक तारखेपर्यंत होय किंवा नाही कळवू.” आणि त्या तारखेला कळवायचं.

शक्य असेल तर आपल्या गटाच्या आधी त्यांची माणसं आपल्याकडे येऊ द्या. आपण पाहुणे म्हणून गेलो की आपलं घर, आपले हेवेदावे, रिकामे बाक, वृद्धाश्रमात एकटी पडलेली माणसं त्यांना कधीच दिसत नाहीत. ती दिसली की तेही आपल्यासाठी प्रार्थना करू लागतात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना आधी ‘तुम्हाला काही आत्मिक दान द्यावं’ असं म्हटलं आणि पुढच्याच ओळीत सावरून घेतलं: म्हणजे तुमच्या आणि माझ्या विश्वासाने आपल्या दोघांनाही धीर मिळावा. व्हिसाची अडचण मात्र खरी आहे. गरीब देशातल्या पाळकाचा व्हिसा नाकारला जाणं नेहमीचंच आहे. निमंत्रणपत्र, राहण्याची आणि खर्चाची लेखी हमी, परतीचं कारण दाखवणारी कागदपत्रं यांची तयारी सहा महिने आधी सुरू करा. नकार आला तर पुन्हा अर्ज करण्यासाठी पैसे बाजूला ठेवा.

करार कागदावर आणा

भावाभावांत करार कसला, असं कोणीतरी म्हणेलच. पण भावाभावांतच तो लागतो. दोन पानं पुरतात, दोन्ही भाषांत. त्यांच्या भाषेतला मसुदा त्यांनी आधी लिहावा आणि आपल्या भाषेत त्यावरून यावा. उलट केलं की ते फक्त सही करतात. कागदावर निदान इतकं असावं:

– मुदत. तीन वर्षं ठीक. त्यानंतर दोघांनी बसून पुढे चालवायचं की थांबवायचं ते ठरवायचं. शेवट आधीच लिहिलेला असला की तो अपमान वाटत नाही.
– दोन्हीकडे संपर्काची प्रत्येकी दोन माणसं. एकच असली की सगळी माहिती आणि सगळा मान त्याच्याकडे साचतो.
– कोण काय देणार. दोन्ही रकाने भरलेले हवेत. त्यांच्या रकान्यात प्रार्थना, भाषा शिकवणं, पाहुण्यांची व्यवस्था, आपल्या तरुणांसाठी ऑनलाइन वर्ग, मजुरी, जमीन, काहीही चालेल. पण तो रकाना कोरा ठेवू नका.
– करारात नसलेली मागणी किंवा देणगी आली तर ती कोणाकडे जाईल.
– कोणत्याही वर्षी, कारण न देता, दोघांपैकी कोणालाही भेट रद्द करता येईल.

शेवटचं कलम आमच्या दुसऱ्या करारात आलं, तेही त्यांच्या बाजूच्या एका बाईंनी सुचवल्यावर. आम्हाला आपणहून सुचलं नव्हतं.

पैसा

इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण मोडलेल्या बहुतेक भागीदाऱ्या पैशावरून मोडलेल्या असतात. आणि चोरीपेक्षा संशयाने जास्त मोडतात.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतोय. ती नेण्यासाठी तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडून दिलेला भाऊही पाठवतो, आणि कारण सरळ सांगतो: या मोठ्या रकमेवरून कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही सारं चोख दिसावं. प्रेषिताला जर दुसरा साक्षीदार लागत असेल, तर आपल्या खजिनदाराला का लागू नये?

त्यावरून काढलेले साधे नियम. पैसा संस्थेच्या खात्यातच जाईल, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात नाही. खात्यावर दोन सह्या. किती पाठवले हे त्यांच्या मंडळीच्या फळ्यावर किंवा वार्षिक सभेत जाहीर होईल, फक्त पाळकांना कळवून भागणार नाही. खर्चाच्या पावत्या दर तिमाहीला, आणि आपलाही हिशेब त्यांना तितक्याच नियमाने. ट्रिपवर किती खर्च झाला हे त्यांना कधी दाखवलंय का? आम्ही एकदा दाखवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

गटातल्या लोकांनी तिथे गुपचूप कोणाच्या हातात नोटा ठेवणं पूर्ण बंद. मन हेलावतं, मुलगी आजारी असते, कोणाची फी थकलेली असते, सगळं मान्य. पण पाहुणा एका घराला देऊन विमानात बसतो आणि उरलेल्या घरांची नजर वर्षभर त्या एका घराला झेलावी लागते. ज्याला द्यायचंच आहे त्याने परतल्यावर आपल्या खजिनदाराकडे द्यावं. तिथल्या मंडळीच्या मदतनिधीतून ते कोणाला द्यायचं हे तिथले वडीलजन ठरवतील.

पाळकांचा किंवा शिक्षकांचा नियमित पगार बाहेरच्या पैशातून देणं मी टाळतो. ज्याचा पगार समुद्रापलीकडून येतो तो हळूहळू समुद्राकडे तोंड करून बोलायला लागतो. ठरावीक मुदतीचं काम, प्रशिक्षण, शिष्यवृत्ती, आपत्तीतली तातडीची मदत यांना पैसा द्यायला हरकत नसावी. पगार द्यायचाच झाला तर दरवर्षी कमी होत जाणारा हिस्सा द्या आणि तो तसा करारात लिहा.

पैसा घेणाऱ्या देशाचे कायदेही तपासा. भारतातल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते आणि घेणाऱ्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. इतर देशांत नियम वेगळे, पण नियम असतातच. पाहुण्याच्या खिशातून रोख नेऊन हे टाळायचा सल्ला कोणी दिला, तर लक्षात ठेवा, आपण विमानाने निघून जातो आणि पोलीस त्यांच्या दारात येतात.

आता ट्रिपच्या खर्चाचा प्रश्न. १९९८ साली मिच वादळाने होंडुरासमधली हजारो घरं उद्ध्वस्त केली. उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने नंतर हिशेब मांडला. अशा गटांनी बांधलेलं घर प्रवासखर्च धरून सरासरी ३०,००० डॉलरला पडलं, तर तिथली ख्रिस्ती संस्था तसं घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. हे आकडे ऐकल्यावर ट्रिप रद्दच करावी असं कोणालाही वाटेल. १९६८ मध्ये मेक्सिकोत इव्हान इलिच या धर्मगुरूंनी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका.

मला त्यांचं अर्धं पटतं. भेटायला जाणं, शिकायला जाणं, एकत्र उपासना करणं ही जाण्याची पुरेशी कारणं आहेत. पण मग ट्रिपसाठी वर्गणी मागताना ‘गरिबांना घर बांधून देणार’ असं सांगू नका. ‘आमच्या भावंडांना भेटायला चाललोय’ असं सांगा. अशा आवाहनावर पैसे कमी जमले तर कमी माणसं जातील.

काम निवडताना वॉशरचा विचार करा

मंडळ्यांना विहीर आणि हातपंप फार आवडतात, कारण उद्घाटनाचा फोटो चांगला येतो. ‘इंडिया मार्क टू’सारखा हातपंप दणकट असतो, पण त्याच्या आत सिलिंडरमध्ये वॉशर असतात आणि ते वापराने झिजतात. वॉशर स्वस्त असतो. तरीही पाइप वर काढायला हत्यारं, हे काम येणारा माणूस आणि सुटा भाग मिळण्याचं ठिकाण, तिन्ही लागतात. त्यांतलं एक नसलं की पंप थांबतो आणि बायका पुन्हा जुन्या पाणवठ्यावर जातात. म्हणून कुठलंही काम ठरवताना त्याचा ‘वॉशर’ शोधा: पहिल्यांदा काय बिघडेल, ते दुरुस्त कोण करील आणि त्याचे पैसे कुठून येतील. उत्तर ‘तुम्ही पाठवाल’ असं आलं तर काम अजून तयार नाही.

बांधकाम असेल तर तिथले गवंडी, सुतार मजुरीवर घ्या आणि आपले लोक त्यांच्या हाताखाली ठेवा. फुकट काम करणारे परदेशी तरुण विटा रचतायत आणि गावचा गवंडी कडेला उभा राहून बघतोय, हे चित्र मी पाहिलंय. आम्ही गेल्यावर त्याने त्या भिंतीचा वरचा थर उतरवून परत रचला.

वैद्यकीय शिबिरासाठी त्या देशाची परवानगी आणि तिथलेच डॉक्टर हवेत. जे काम करायला आपल्या देशात तुम्हाला परवाना नाही, ते तिथेही करू नका. गरिबी म्हणजे सरावाची जागा नव्हे. उरलीसुरली औषधं गोळा करून नेणं बंद करा. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वं १९९६ पासून आहेत. देणगीतलं औषध त्या देशात मान्य असलेलं हवं, पोहोचल्यावर त्याची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, आणि लेबल तिथल्या आरोग्यसेवकांना वाचता येईल अशा भाषेत हवं. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या देऊन आलात तर चौथ्या महिन्याचं काय, हेही जाण्याआधी तिथल्या दवाखान्याशी बोलून ठरवा.

यंत्रं नेताना व्होल्टेज बघा. ११०-१२० व्होल्टच्या देशातून नेलेलं यंत्र २२०-२४० च्या देशात थेट लावलं की धूर निघतो. हे लिहावं लागतंय यावरूनच ओळखा.

मुलांच्या बाबतीत सवलत नाही

अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमातून काढून टाका. हे ऐकून लोक नाराज होतात, म्हणून कारण सांगतो. अनेक देशांत आश्रमातल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, निदान एकजण, हयात असतात. देणगीदार येतात म्हणून आश्रम उघडतात, आणि आश्रम भरायचे म्हणून गरीब घरांतून मुलं आणली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवक पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली. आठवडाभर लळा लावून निघून जाणारे पाहुणे ही त्या मुलांसाठी ताटातुटीची रांगच असते. पैसा द्यायचा तर मूल घरातच राहावं यासाठी द्या: शाळेची फी, आईचा रोजगार, नातेवाइकांकडे ठेवलेल्या मुलाचा खर्च.

हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. महिनाअखेरीस अमेरिकेतल्या मंडळ्यांशी जोडलेले दहा जण ३३ मुलांना बसने सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. कागदपत्रं पुरेशी नव्हती, आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत होते. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण घाई, भावना आणि ‘आपल्याला जास्त कळतं’ ही खात्री एकत्र आली की चांगल्या माणसांच्या हातून काय होतं, हे गटाला सांगण्यासाठी याहून नेमकं उदाहरण माझ्याकडे नाही.

मुलांसोबत काम करायचंच असेल, उदाहरणार्थ तिथल्या शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) मदत, तर प्रत्येकाची पोलीस पडताळणी करा. मुलाजवळ कधीही एकटा मोठा माणूस नको, दोन हवेत. तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना आणि पालकांना त्यांच्या भाषेत सांगा. फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाही, आणि मुलाचं नाव व गाव एकत्र कुठेही टाकायचं नाही.

गट, कागद आणि तब्येत

आठ माणसं पुरे. बारा झाली की गट स्वतःशीच बोलायला लागतो. निवड करताना उत्साहापेक्षा स्वभाव बघा: वीज गेली, जेवण उशिरा आलं, कार्यक्रम बदलला तर हा माणूस काय करील? प्रत्येकाच्या मुलाखतीत मी विचारतो, “तिथे तुम्हाला काहीच काम दिलं नाही तर चालेल का?” या प्रश्नावर चाळण नीट लागते.

निघण्याआधी निदान सहा बैठका घ्या. त्या देशाचा इतिहास, तिथल्या मंडळीचा इतिहास, पन्नास शब्द आणि दोन गाणी त्यांच्या भाषेत. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सत्तर जणांना पाठवताना दिलेल्या सूचना मोठ्याने वाचा. पुढे वाढतील ते खा, आणि एका घरातून दुसऱ्या घरी फिरत बसू नका. पाहुण्याने कसं वागावं हे यापेक्षा कमी शब्दांत मला सांगता येत नाही.

व्हिसाच्या अर्जात खरं लिहा. पर्यटक म्हणून जायचं आणि तिथे प्रचारसभा घ्यायच्या, याने यजमान गोत्यात येतात. भारतात मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा आहे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. कायदा आवडो न आवडो, त्याची झळ कोणाला बसेल याचा विचार करून तिथल्या मंडळीने जे सांगितलं तेवढंच करायचं. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक असू द्या; बरेच देश तेवढी मागतात.

प्रवासाच्या डॉक्टरांकडे सहा ते आठ आठवडे आधी जा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत शिरताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या भागात जायचं असेल तर प्रतिबंधक गोळ्या सांगितल्याप्रमाणे परतल्यावरही पूर्ण करा. विम्यात आजारी माणसाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचून बघा. बहुतेकजण ते पान उलटतच नाहीत.

तिथे असताना

दुसऱ्या फेरीत आम्ही मंडळीतल्या घरांमध्ये उतरलो. गाद्या चांगल्या जाड होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या गादीचा कोपरा उलटला आणि खाली लाल दोऱ्याने शिवलेलं एक नाव दिसलं, ते त्या घरातलं कोणाचंच नव्हतं. शेजारच्या गादीवर दुसरं नाव. चौकशी केली तेव्हा कळलं की आठ पाहुण्यांसाठी आठ घरांतून गाद्या आल्या होत्या आणि त्या घरची माणसं आठवडाभर चटईवर झोपत होती. परत पोहोचवताना अदलाबदल होऊ नये म्हणून नावं.

पाहुणचार नाकारणं हा अपमान, आणि निमूट घेणं हा भार. वाट मधली आहे: राहण्याजेवणाचा खर्च आधीच विचारून मंडळीकडे जमा करायचा, संख्या कमी ठेवायची, आणि मधले दोन दिवस गेस्ट हाउसमध्ये राहायचं, म्हणजे यजमानांनाही श्वास घेता येतो.

दिवसाचा कार्यक्रम त्यांच्या हातात असू द्या. संदेश द्यायला सांगितला तर दुभाष्यासोबत आदल्या संध्याकाळी बसा, वाक्यं छोटी ठेवा, विनोद आणि म्हणी गाळा. त्यांच्या पाळकांचा संदेश आपण निदान दोनदा ऐकल्याशिवाय आपला देऊ नका. रोज रात्री गटाने अर्धा तास एकत्र बसून एकच प्रश्न घ्यावा: आज आपल्याला काय कळलं नाही? आणि गटाच्या पुढाऱ्याने रोज सकाळी यजमानांपैकी एकाला बाजूला घेऊन विचारावं, काल आमचं काय खटकलं? पहिले दोन दिवस ‘काही नाही’ असंच उत्तर मिळेल. विचारत राहा.

परतल्यावर

पहिल्या वर्षात ताप आला तर डॉक्टरांना आपण मलेरियाच्या भागात जाऊन आलो हे आधी सांगा. काही प्रकारचा मलेरिया महिन्यांनी डोकं वर काढतो.

मंडळीपुढे सादरीकरण करण्याआधी ते तिथल्या दोन संपर्क-माणसांना दाखवा. फाटक्या कपड्यातल्या मुलाचा फोटो त्यांना बघवेल का? ‘त्यांच्याकडे काही नाही, तरी किती आनंदी’ हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणवेल का? साक्ष, म्हणजे आपला अनुभव, सांगताना कोणाकडून काय शिकलो ते नावानिशी सांगा, त्या माणसाची परवानगी घेऊन.

मग वर्षभराचं साधं वेळापत्रक. महिन्यातून एकदा फोनवर बैठक, दोन्हीकडचे चार-चार जण, अर्धा वेळ एकमेकांसाठी प्रार्थना. त्यांच्या मंडळीतलं लग्न, मृत्यू, पूर, शाळेचा निकाल रविवारच्या प्रार्थनेत येऊ द्या, आणि आपल्याकडचं त्यांना कळवा. पैशाचा विषय या बैठकीत नाही. त्याची बैठक वेगळी, तिमाहीला. हे वेगळं ठेवल्याचा फरक आम्हाला चार महिन्यांत जाणवला. ते फोन स्वतःहून करायला लागले.

‘यंदा येऊ नका’ असं पत्र आलं तर

त्याच दिवशी उत्तर पाठवा. उत्तरात ‘ठीक आहे’ आणि ‘कळवल्याबद्दल आभार’ एवढंच हवं. कारण दिलं नसेल तर विचारू नका, आडूनही विचारू नका. ठरलेले पैसे कराराप्रमाणे वेळेवर पाठवा, नाहीतर नकाराची शिक्षा दिल्यासारखं होईल. ट्रिपसाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांना लेखी कळवा आणि परत हवी असेल त्यांना परत करा. व्यासपीठावरून सांगताना ‘दुर्दैवाने’ हा शब्द वापरू नका.

आम्हाला ते पत्र चौथ्या वर्षी आलं. सुगीचे दिवस आहेत, पाळक आजारी आहेत, यंदा येऊ नका, पुढच्या वर्षीचं नंतर कळवतो. खाली सही करारातलं शेवटचं कलम सुचवणाऱ्या बाईंची होती. कमिटीतले दोघं नाराज झाले, एकाने तर ‘एवढं करून हे?’ असं म्हणूनही टाकलं. सचिवांनी पत्र करारामागे फाइलला लावलं, आणि आम्ही तिकिटं रद्द करायला बसलो.